गाडीच्या वळणावर

फार जुनी गोष्ट. दरीची शोभा बघायला निघालेल्या प्रवाशांना घेऊन एक छोटी गाडी घाट चढायची. वळणावर पिंगी माकडीण पिल्लाला शेजारी बसवून हात पुढे करायला शिकवायची. खिडक्यांतून बिस्किटं पडायची.

“त्याला झाडावर चढायला शिकव गं,” म्हातारी माकडीण म्हणायची.

“कशाला, आजी? गाडी रोज येते की!”

मग एकदा दरड कोसळली आणि गाडी कायमची बंद झाली. उपाशी पिल्लाला रुळाजवळ बसवून पिंगी उंबरं काढायला झाडावर चढली, तेवढ्यात खाली बिबट्या आला.

“पळ रे बाळा! झाड गाठ!” ती किंचाळली.

पिल्लानं बिबट्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

पिंगी खाली पोचली तेव्हा रुळावर कुणीच नव्हतं.