कैतान वकिलाची बाव

वसईला आगगाडी आली होती, पण आमच्या केळभाटात अजून सायकलसुद्धा पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर नीट बसून ऐका, मधेच उठायचं नाही. मला ज्यांनी सांगितली त्यांनी मलाही उठू दिलं नव्हतं.

तर केळभाटात कैतान तुस्कानो नावाचा वकील होता. खाली धोतर, वर काळा कोट, डोक्याला टोपी. बैलगाडीनं कोर्टात जायचा. वाटेत क्रूस दिसला की गाडी थांबवायचा, टोपी काढायचा, दोन शब्द देवाशी बोलायचा आणि मगच पुढे जायचा. असं म्हणतात, की पुढे पुढे बैल आपणहून थांबायला लागले, आणि गाडीत कैतान नसला तरी थांबायचे!

घरी बायको नातालबाई आणि पाच मुली. दर रविवारी मिस्साला निघण्याआधी पाचही मुलींच्या वेण्या तो स्वतः घालायचा. एवढा मोठा वकील आणि दातांत रिबिन धरून बसलाय म्हणून लोक हसायचे. तो म्हणायचा, "हसा, हसा. तुमच्या पोरी तुमचा हात ओळखतात का, ते आधी सांगा!" संध्याकाळी देवळाची घंटा झाली की घरात रोजरी. त्या वेळी ओटीवर अशील असला तर त्यानंही गुडघे टेकायचे, मग तो कितीही घाईत असो.

माणूस असा लाखात एक. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं उगीच नाही म्हणत.

केळभाट दर्याला लागून. जिथे खणाल तिथे पाणी मचूळ, केळीला चालेल पण घशाखाली उतरणार नाही. गोड्या पाण्याची बाव, म्हणजे विहीर, एकच, आणि ती बस्त्याव मच्याडोच्या वाडीत. सगळा गाव तिथून पाणी भरायचा. येता-जाता पोरंटोरं केळीचे कोंब तुडवायची, कुणी पानवेल ओढायचं. बस्त्याव कावला आणि कैतानकडे आला. त्याला हवी होती एक कुंपण घालायची परवानगी, एवढंच.

"कुंपण काय मागतोस?" कैतान म्हणाला. "कागद तुझ्या बाजूनं आहेत. आख्खी बाव मिळवून देतो!"

आणि दिली की! कोर्टात तो असा बोलला, असा बोलला, की मुन्सफानं पंखा ओढणाऱ्याला थांबायला सांगितलं, आवाजानं एखादा शब्द निसटू नये म्हणून. असं म्हणतात. निकाल लागला. बाव बस्त्यावची, दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. बस्त्यावनं फाटक बसवलं. गावातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन कोसभर लांबच्या गावी पाण्याला जायला लागल्या.

वकिलाला यातलं काही कळलंच नाही. का? तर बस्त्यावनं उपकाराची फेड म्हणून एकट्या वकिलाच्या घराला पाण्याची मुभा ठेवली होती. घरात हंडे भरलेले, मग तहान कुणाची दिसणार?

दिसली ती थोरल्या मुलीच्या लग्नात. इजाबेलचं लग्न बोटीवर नोकरी असलेल्या मुलाशी ठरलं होतं. देवळात लग्न जाहीर करणारी पहिली चिठ्ठी वाचली गेली. तीन रविवार तीन चिठ्ठ्या, आणि राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी लग्न. बुधवारपासून उपासकाळ, त्यात लग्नं लागत नाहीत, आणि इस्टरच्या आधी नवऱ्या मुलाची बोट सुटणार होती, ती दोन वर्षांसाठी. मंगळवार चुकला की सगळंच लांबलं.

आता आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचं पाणी आणतात. गावातल्या सगळ्या बाया हंडे घेऊन, गाणी म्हणत, वाजंत्री लावून बावेवर जातात, आणि त्या पाण्यानं नवरीची अंघोळ होते. इजाबेल घरोघर आमंत्रण द्यायला गेली. बायांनी तिला बसायला दिलं, गूळ दिला, पण येते असं एकीनंही म्हटलं नाही. शेवटी कार्मेलीनकाकी बोलली. सत्तरीची बाई, पाण्याच्या वाटेवर पडून गुडघा फोडून घेतलेला.

"पोरी, तुझ्यावर राग नाय गं. पण ज्या फाटकातून आमाला हाकललं, त्या फाटकात गाणी म्हणत कशा येऊ?"

इजाबेल घरी आली ती थेट बापासमोर उभी राहिली. "बाबा, अख्खं गाव तहानलेलं आणि मी एकटीच त्या पाण्यानं न्हाऊ? मला ते पाणी नको. आणि गावाचं पाणी नसेल तर लग्नही नको."

त्या संध्याकाळी रोजरी म्हणताना पहिल्यांदा कैतानचे शब्द चुकले. दुसऱ्या दिवशी तो टोपी हातात घेऊन बस्त्यावकडे गेला आणि फाटक उघडायची विनवणी केली.

"वकीलसाहेब," बस्त्याव म्हणाला, "मी कुंपण मागायला आलो होतो. बाव तुम्ही माझ्या गळ्यात घातलीत. गाव माझ्याशी बोलत नाय, माझ्या घरचा प्रसाद घेत नाय. आता एवढं सोसल्यावर फुकट सोडू?" आणि फाटक लावून घेतलं.

अपील करावं? स्वतःच्या अशिलाविरुद्ध उभं राहणं कैतानच्या रक्तात नव्हतं. मग त्यानं कोट खुंटीला टांगला. आधी एक कागद केला, की रस्त्याकडेच्या माझ्या वाडीत जी बाव लागेल ती गोड लागो, मचूळ लागो, ती गावाची. मग कुदळ घेतली.

लोक म्हणाले, वकिलाला वेड लागलं. तिथे गोडं पाणी? आधी तर नुसते शिंपलेच निघाले. कैतान खणायचा, नातालबाई टोपली भरायची, मुली वर ओढायच्या. प्रत्येक टोपलीला नमो मारियाची एक प्रार्थना. लेखणी धरणारे हात ते, तिसऱ्या दिवशी रक्ताळले. इजाबेल फडकी बांधता बांधता रडायची, तर म्हणायचा, "रडू नकोस गं बाय. खारं पाणी आपल्याकडे आधीच भरपूर आहे."

चौथ्या दिवशी कार्मेलीनकाकी लंगडत आली आणि टोपलीला हात लावला. मग काय, सगळा गावच लोटला. दहा दिवसांत पंधरा हात खोल गेले. आणि लग्नाच्या आधीच्या शनिवारी काळा कातळ लागला. कुदळ उडायला लागली.

"उद्या पण खणू या," लोक म्हणाले.

"उद्या रविवार. देवाचा दिवस," कैतान म्हणाला. "लग्न मोडलं तरी चालेल, रविवार मोडणार नाही." इजाबेल तिथेच उभी होती, तिच्यासमोरच त्यानं कुदळ खाली ठेवली.

रविवारी मिस्सा सुटली तेव्हा कैतान देवळाच्या दारात अनवाणी उभा राहिला. कोर्टात तासन्‌तास बोलणारा माणूस, पण तिथे त्याला चार वाक्यंच सुचली. "गावकऱ्यांनो, एका कज्ज्यात मी तुमचं पाणी तोडलं. बस्त्यावला मी नको तेवढं मिळवून दिलं आणि एकटं पाडलं. तुमचा अपराधी मी आहे, तो नाही. त्याच्याशी बोलत जा." गर्दीत बस्त्याव होता. तो मान खाली घालून घरी गेला.

सोमवारी उजाडता उजाडता बघतात तर बस्त्याव खड्ड्यात उतरलेला, हातात पहार. त्याचे बापजादे बावा खणणारे, कातळाची नस त्याला कळायची. एक घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला कातळ फुटला आणि पाणी असं उसळलं, की माणूस दोर धरून कसाबसा वर आला. पहार आतच राहिली. ती अजून कुणाला दिसलेली नाही म्हणतात, कारण त्या बावेचा तळच कुणी पाहिलेला नाही.

पण पाणी गोड की मचूळ? कुणी तोंडाला लावेना. कैताननं पहिला तांब्या भरला. सगळ्यांना वाटलं, लेकीला देणार. त्यानं तो बस्त्यावपुढे धरला. गावाला दुसरं गोडं पाणी मिळालं, तर ज्याच्या बावेची किंमत मातीमोल होणार, तोच हा माणूस! त्याच्याच हाती निवाडा.

बस्त्यावनं घोट घेतला. तोंडात धरून ठेवला. इजाबेलनं आईचा हात घट्ट पकडला. मग तो गिळला, आणि एवढा मोठा बाप्या पोरासारखा हुंदके देत म्हणाला, "गोड आहे."

त्या दिवशी केळभाटातल्या एकूण एक बायका हंडे घेऊन निघाल्या, आणि सगळ्यांत पुढे बस्त्यावची बायको होती. मंगळवारी लग्न लागलं.

कैतान जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्या बावेला फाटक नाही, कुलूप नाही. घरोघर नळ आले, तरी नवरीचं पाणी तिथलंच. आणि रीत अशी, की पहिला तांब्या नवरीच्या बापानं भरायचा आणि गावात ज्याच्याशी त्याचं बोलणं नाही, त्याच्या दारात न्यायचा. त्यानं पिऊन "गोड आहे" म्हणेपर्यंत वाजंत्री वाजत नाही.

गेल्याच वर्षी आमचा पावलू लेकीच्या लग्नाआधी सख्ख्या भावाच्या दारात तांब्या घेऊन उभा होता. नऊ वर्षांचा अबोला. ऊन चढलं, बाया ताटकळल्या, वाजंत्रीवाले झाडाखाली बसले. दार उघडेना. पावलू हलेना. दुपारी कडी वाजली, भाऊ बाहेर आला, तांब्या उलटा होईपर्यंत गटागटा प्याला आणि म्हणाला, "आधी यायचं होतंस ना, येड्या. गोड आहे."

मग वाजंत्री वाजली.