अग्निशिखेला दिलेले आमंत्रण

पूर्वी कृतयुगात, ऋतू देह धरून पृथ्वीवर हिंडत असत आणि शरद आला की त्याची पावले दवावर उमटलेली दिसत, त्या काळी विंध्याच्या दक्षिणेस शोष नावाचा एक असुर माजला होता. त्याने पंचाग्नी पेटवून घोर तपश्चर्या केली आणि प्रसन्न झालेल्या ब्रह्मदेवाने, नेहमीप्रमाणे मागचापुढचा विचार न करता, त्याला वर मागायला सांगितले. शोष म्हणाला, "पितामह, हातात धरलेल्या कोणत्याही आयुधाने मला मरण येऊ नये." पितामह 'तथास्तु' म्हणून मोकळे झाले. निस्तरायचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडणार असले की 'तथास्तु' म्हणायला फारसे जड जात नाही.

मग दरवर्षी मेघ ओसरले, आकाश निवळले, की हा असुर डोंगर उतरून खाली येई. साळीच्या कणसात भरू लागलेले दूध, उसातला रस, गाईच्या कासेतली धार हे सगळे तो आधी शोषून घेई आणि तेवढ्याने तहान भागली नाही म्हणजे गर्भिणींच्या उंबरठ्याशी येऊन बसे. ज्या घरापुढे तो बसला, त्या घरात मूल जन्मले तरी रडत नसे. इंद्राचे वज्र त्याच्या छातीवर आदळून बोथट झाले, वरुणाचा पाश त्याच्या गळ्यात पडताच कोरडा होऊन तुटला. अखेर सगळे देव, मान खाली घालून, कैलासावर गौरीपुढे उभे राहिले.

गौरी म्हणाली, "देवहो, ज्याला आयुधाने मरण नाही त्याच्यापुढे आयुधे घेऊन जाण्यात काय शहाणपण? मी रिकाम्या हातांनी जाते."

त्रिशूळ, खड्ग, चक्र, धनुष्य सगळे तिने एका शिळेवर उतरवून ठेवले आणि ती जगन्माता पयोष्णीच्या तीरावर एकटी उतरली. ते युद्ध शरदातला एक सगळा शुक्लपक्ष चालले. झाडे मुळासकट उडाली, नदीचे पाणी तळाला गेले, पक्ष्यांनी घरटी सोडून आकाशात आसरा घेतला, आणि शेवटी देवीने दोन्ही हातांनी त्या असुराचा गळा आवळला. तो मेला, पण युगभर शोषून ठेवलेला त्याचा सगळा दाह मरता मरता देवीच्या हातांत उतरला.

हे तिलाही लगेच कळले नाही. परतताना नदीकाठी आई गमावलेले एक हरणाचे पाडस थरथरत उभे होते. तिने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते जागच्या जागी करपून पडले. जयजयकार करायला जमलेले देव दोन पावले मागे सरले. मी त्यांना नावे ठेवत नाही, भीती देवांनाही वाटते. पण त्या वेळी एखाद्याने तरी पुढे व्हायला हवे होते, असे मला ही कथा सांगताना दर वेळी वाटते.

देवी स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने काठच्या चिखलात ते मनगटापर्यंत रोवले आणि हातांवाचून उठून उभी राहिली. त्या जागी एक वेल फुटली. वैद्य तिला अग्निशिखा म्हणतात, बायाबापड्या कळलावी. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लाल, बोटे ताणावीत तशा वर वळलेल्या. पानांची टोके अशी की जे सापडेल त्याला विळखा घालून घट्ट धरतात. आणि कंदात विष.

देवी म्हणाली, "हे माझे हात मी इथे ठेवते. दर वर्षी शरदाच्या तोंडावर, भाद्रपदात, मी लेकींच्या घरी येईन, पण हातांवाचून येईन. एखादी न भिता मला हातांसह बोलावील, तेव्हा हा दाह निवेल. मात्र बोलावून पाठ फिरवू नका. आमंत्रण मिळालेले हात रिकामे परत जात नसतात."

त्यानंतर कृतयुग सरले, त्रेतायुग लागले. त्याच पयोष्णीच्या वळणावर शैवल नावाच्या ऋषींचा आश्रम उभा राहिला. वेदांचे अध्ययन, अग्निहोत्र, अतिथिसत्कार यांत तिथे कधी खंड पडला नाही. भाद्रपद लागला की आश्रमाच्या चारी बाजूंना तेरडा फुले, आणि ऋषिपत्नी सुमेखला त्या तेरड्याची गौर घडवी.

ती घडवण्याची एक रीत होती. वनस्पती उपटायच्या आदल्या संध्याकाळी तिच्यापाशी जायचे, मुळाशी पाणी घालायचे, अक्षता वाहायच्या आणि म्हणायचे, "उद्या सकाळी तुला न्यायला येते, येशील ना." न विचारता उपटलेला तो नुसता पाला, आमंत्रण देऊन आणलेली ती देवता. दुसऱ्या दिवशी, अनुराधा नक्षत्रावर, तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांची जुडी बांधायची, तिला वस्त्र नेसवायचे, वर मुखवटा चढवायचा. कुंपणापासून देव्हाऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावले काढायची. गौर उंबरठ्याशी आली की आतल्या बाईने विचारायचे, "कोण आली?" आणि आणणारीने उत्तर द्यायचे. गौर मात्र बिनहातांची असे, तिला हात कोणी घडवत नसे. नदीच्या वळणावरच्या त्या वेलीजवळून वाट असूनही लोक दुरून वळसा घालून जात आणि गुरांनाही तिकडे फिरकू देत नसत.

त्या वर्षी सुमेखलेची धाकटी लेक कुरंटिका बाळंतपणासाठी माहेरी आली होती. थोरली याच पर्णकुटीत, अशाच गौरीच्या सणात, आईच्या मांडीवर डोके ठेवून गेली होती, आणि तिचे मूलही. देव्हाऱ्यातली देवी सगळे पाहत होती. सुमेखलेने तेव्हापासून कोणाला बोलून दाखवले नव्हते, पण तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती: जिला हातच नाहीत, ती माझ्या लेकीचे मूल धरणार कशाने?

म्हणून आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी, तेरड्याला अक्षता वाहून झाल्यावर, ती एकटी नदीच्या वळणावर गेली. वेलीला पाणी घालताना तिचा तांब्या हातात वाजत होता. "उद्या सकाळी तुला न्यायला येते," ती म्हणाली, "येशील ना." वारा नव्हता, तरी पानांची टोके हळूहळू तिच्याकडे वळली. ती मागे न पाहता घरी आली.

पहाटे स्नानाला गेलेल्या शैवलांना त्या मुळाशी ओल्या अक्षता दिसल्या. ते तसेच परतले. "सुमेखले," ते म्हणाले, "ज्या दाहाने देवसुद्धा मागे सरले, तो तू गर्भिणीच्या खोलीत आणणार? हे शास्त्राला धरून नाही. मी या आश्रमाचा कुलपती म्हणून तुला मना करतो."

सुमेखला म्हणाली, "स्वामी, आमंत्रण गेले आहे."

"अक्षता वाऱ्यानेही पडतात. तू काहीच केले नाहीस असे समज."

खरे सांगायचे तर शास्त्रात तसे काही नव्हते. ऋषी भ्यालेले होते आणि भीतीला त्यांनी शास्त्राचे वस्त्र नेसवले होते. विद्वानांना ही कला चांगली साधते. पण सुमेखलाही मनातून भ्यालेलीच होती, तिला कोणीतरी अडवलेले हवेच होते. ती वळणाकडे गेली नाही. नेहमीसारखी बिनहातांची गौर बसली, आरती झाली, सगळ्यांनी प्रसाद खाल्ला.

दुसऱ्या दिवशी, ज्येष्ठा नक्षत्रावर, पूजेची फुले आणायला निघालेली सुमेखला कुंपणापाशी थबकली. वळणावरची वेल कुंपणाशी आली होती. पानांनी एकेक काठी धरली होती. आश्रमातली हरणे कुठे दिसत नव्हती, आणि गाय दावे ताणून मागे मागे सरत होती, ओरडत मात्र नव्हती. ते न ओरडणेच सुमेखलेला सहन होईना.

शैवलांनी परशू घेतला आणि वेल तोडली. जिथे तोडली तिथे दोन फुटवे आले आणि प्रत्येकाच्या टोकाला एक फूल उमलले. त्यांनी मंत्र म्हटले, यज्ञातले भस्म टाकले, कमंडलूतले पाणी शिंपडले. पाणी जमिनीवर पडायच्या आतच सुकले. मध्यान्ही वेल अंगणात होती. तिने इकडे तिकडे पसरायचे सोडून एकच वाट धरली होती: तांदळाच्या पिठाने काढलेली पावले. एका पावलावर ती क्षणभर थांबे, मग पुढच्यावर जाई. मागे राहिलेले पीठ काळे पडलेले असे.

त्याच सुमारास आत कुरंटिकेला कळा सुरू झाल्या.

सूर्य कलू लागला तरी सुटका होईना. मूल आडवे आले होते. सुईण म्हणून आलेली आश्रमातली वृद्धा सुमेखलेकडे पाहून नुसती मान हलवू लागली. तशी हललेली मान सुमेखलेने थोरलीच्या वेळी पाहिली होती. कुरंटिकेचे ओठ कोरडे पडले, आवाज बसला, आणि दारात, उंबरठ्याच्या बाहेर, फुलांचा एक उजेड येऊन थांबला.

शैवल हातात जल घेऊन दारात आडवे उभे राहिले. "हे अग्निशिखे," ते म्हणाले, "माझ्या तपाची शपथ, एक पाऊल पुढे टाकलेस तर तुला निर्वंश होण्याचा शाप देईन."

तेव्हा देव्हाऱ्यातून, तेरड्याच्या जुडीतून, आवाज आला. तो मोठा नव्हता, पण कुटीचे खांब त्याने थरथरले. "शैवला, मी आगंतुक नाही. मला अक्षता देऊन बोलावले आहे. तुझे भय तू धर्माच्या नावाने बोललास, तेवढे मी पोटात घालीन. पण माझे हात दाराशी उभे आहेत. सूर्य मावळेपर्यंत त्यांना कोणी आत आणले तर ते माझे हात. कोणी आणले नाही तर ते शोषाचे. आणि शोष गर्भिणीच्या दारातून काय घेऊन जात असे, ते तुला ठाऊक आहे."

ऋषींच्या ओंजळीतले जल सुकून गेले. एवढा तपोनिधी पुरुष, पण त्याचे पाय जागचे हलेनात. त्याने बायकोकडे पाहिले.

आत कुरंटिकेची शुद्ध हरपत चालली होती. लहानपणापासून दर भाद्रपदात उंबरठ्याच्या आत बसून जे विचारायची, तेच तिने या ग्लानीत, सवयीने विचारले. "आई, कोण आली?"

सुमेखला उठली. नवऱ्याला तिने हळूच बाजूला केले, उंबरठा ओलांडला आणि वेलीपुढे गुडघे टेकले. दाह तिच्या तोंडावर आला, भुवया जळल्याचा वास आला. "चुकले," ती म्हणाली. "बोलावले आणि आले नाही. मी भ्याले होते. अजून भीतच आहे. तरी न्यायला आले आहे, चल." आणि तिने दोन्ही हातांनी ती फुले देठांसकट खुडली.

तिच्या तळव्यांचे काय झाले ते मी सांगत नाही. तिने फुले सोडली नाहीत, एवढे पुरे. उंबरठ्यात उभी राहून ती म्हणाली, "गौरी आली."

"काय घेऊन आली?" कुरंटिकेने विचारले.

"हात घेऊन आली, बाळ."

तेरड्याच्या जुडीला खांद्याच्या जागी तिने ती फुले बांधली. गाठ मारताना बोटे वळत नव्हती, म्हणून दातांनी ओढली. गाठ बसली आणि मिटलेल्या पाकळ्या एकेक करून उघडल्या. ते लाल हात लांब झाले, कुटीभर उजेड पसरला, आणि ते कुरंटिकेच्या पोटावर जाऊन टेकले. सुईण किंचाळून भिंतीला चिकटली. शैवलांनी डोळे मिटले; करपलेल्या पाडसाची गोष्ट त्यांना आठवली असणार. सुमेखलेने मिटले नाहीत.

पोटातले मूल वळले. सूर्याची कोर डोंगराला टेकली असताना ते त्या हातांत जन्मले, आणि पहिल्या क्षणी रडलेच नाही. मग मूल रडले. मुलगी होती. तिच्या अंगावर कुठे डागही नव्हता. हात थंड झाले होते.

"सुमेखले," देवी म्हणाली, "मी म्हटले होते, न भिता बोलवा. ते माझे चुकले. न भिणारी अशी कोणी नसतेच. तू भीत भीत आलीस आणि दाह तुझ्या तळव्यांत निवला. आजपासून लेकींच्या घरी मी माझ्या हातांनी येईन. मात्र कंदात राहिलेले विष माझ्यानेही निघणार नाही. आदल्या संध्याकाळी विचारून, फुलांपुरतेच घ्या. मूळ नक्षत्रावर पाण्यात सोडा. आणि बोलावलेत तर न्यायला या. जो मला बोलावून दाराबाहेर ठेवील, त्याच्या दारात शोष बसेल. हे मी शाप म्हणून सांगत नाही, पण तसे होईल."

पुढल्या वर्षी वळणावर अक्षता घेऊन शैवल स्वतः गेले. त्यांचाही तांब्या वाजत होता, असे म्हणतात. तेव्हापासून पयोष्णीच्या तीरावर त्या फुलांना गौरीचे हात म्हणू लागले, आणि तेरड्याच्या हिरव्या देहाला ते लाल हात बांधल्यावाचून तिथल्या बायका गौर पुरी झाली असे मानत नाहीत. ज्या घरात ही कथा गौरीसमोर सांगितली जाते, तिथे आलेले मूल कोणाच्या तरी हातांत येते, रिकाम्या जागेत पडत नाही.

सुमेखलेचे तळवे बरे झाले, पण त्यांना स्पर्श उरला नाही. ऊन, गार, मऊ काही कळेना. नात जन्मली त्या संध्याकाळी सुईणीने तिला सुमेखलेच्या हातांवर ठेवले, तेव्हाही हातांना काही कळले नाही. मग तिने मान वाकवली आणि आपला गाल मुलीच्या कपाळाला लावला. "कोमट आहे," ती म्हणाली, आणि मग रडली.