टेबलांचे घट

"मग आता नेम मोडला असंच समजायचं ना, अक्का?"

मठाच्या ओसरीवर पाट टाकून अंबाक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मूठभर कापूस कुमुदकडे सरकवला.

"हात रिकामे ठेवू नकोस. वळ. वळता वळता सांग."

कुमुद समोरच्या पाटावर बसली. दत्ताच्या देवळामागे तिचं भोजनगृह होतं. सोळा गुरुवारांचा नेम तिनं अक्कांच्याच पायाशी बसून धरला होता. गुरुवारी दाराशी आलेलं उपवासाचं माणूस न जेवता परत जाऊ द्यायचं नाही. आठ गुरुवार निर्विघ्न पार पडले. नववा काल झाला.

"पालखी आत गेली आणि सगळे एकदम आले," ती म्हणाली. "एक म्हातारी काठी टेकून दारात उभी राहिली. अर्धा तास. मग... निघून गेली."

"जागा नव्हती?"

"एकेक खुर्ची रिकामी होती की प्रत्येक टेबलाला. पण शेजारी कांदा-लसणाची ताटं. उपवास सोडायला ती तिथं कशी बसेल?"

ऊन ओसरीवर चढलं. अक्का उठल्या, पाट हातभर मागं ओढला, पुन्हा बसल्या. कुमुदनंही आपला पाट ओढला.

"मग टेबलं सरकवायची."

"सरकत नाहीत ती." कुमुदची मान जरा ताठ झाली. "अक्षय तृतीयेला मांडलीत मी. आधी कागदावर चौकटी आखून. बारा टेबलं, अठ्ठेचाळीस खुर्च्या, कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. गावातले चार हॉटेलवाले बघून गेले."

"बरं."

"एकेका टेबलाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि फरशीत बोल्ट मारून घेतले."

"घरचे काय म्हणाले?"

"हे नकोच म्हणत होते. सकाळी काकडआरतीहून एकेकटी माणसं येतात, चौघांची जागा एकजण अडवतो, चहा घेत बसतो. दुपारी दहाजणांचं घर येतं, ते तीन टेबलांत तुटतं. लेक एका टोकाला, आई दुसऱ्या. हे म्हणाले, टेबलं सुटीच राहू देत."

"मग?"

"मी म्हटलं, घट बसवल्यावर कुणी हलवतं का?"

अक्कांचे खांदे हलले. हसू बाहेर आलं नाही.

"टेबलांचे घट बसवलेस."

"हसू नका, अक्का."

"नाही हसत."

दोघी वाती वळत राहिल्या. औदुंबराची सावली आखडत गेली. ऊन पुन्हा गुडघ्यापर्यंत आलं. अक्कांनी पाट भिंतीकडे घेतला, कुमुदनं घेतला. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"रात्रभर डोळा लागला नाही," कुमुद हळूच म्हणाली. "डोळे मिटले की ती काठी दिसायची. प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा, पारायण सांगा. नाहीतर... भोजनगृहच बंद करते. ज्या दारातून उपाशी माणूस गेलं, ते उघडं ठेवून काय करू?"

अक्कांनी वात पुरी केली. ती तबकात ठेवली.

"हिरवं लुगडं होतं का तिचं?"

कुमुदचे हात थांबले.

"डाव्या पायानं लंगडत होती. शितोळेवाडीची."

"तुम्हाला कसं..."

"इथं आली ना. पंगत बसलीच होती. दोन पाट जरा इकडे-तिकडे केले, मधे तिचा टाकला. ताक दोनदा मागून घेतलं तिनं."

"जेवली?"

"पोटभर. तुझी आठवणही काढली. म्हणाली, बाई गोड आहे, टेबलं हट्टी आहेत."

कुमुदनं पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना. डोळे पुसून ती म्हणाली,

"म्हणजे नेम..."

"वाती दाखव तुझ्या."

तिनं ओंजळ पुढं केली.

"तीनदा पाट हलवलास. एखादी वात तुटली?"

कुमुदनं आजूबाजूला पाहिलं. ती खांबाशी बसली होती, एवढं तिला आठवत होतं. आता पाठ भिंतीला टेकली होती. कधी आले मी इथं?

"...नाही."

अक्कांनी पूजेच्या तबकातून चिमूटभर अक्षता घेतल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.

"विसर्जनाला गणपती उचलायच्या आधी काय करतेस?"

"अक्षता वाहते. मूर्ती जागची थोडी हलवते."

"रागावतो?"

कुमुदनं मूठ मिटली. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"बोल्ट सोडवायचा पाना यांनी कुठं लपवून ठेवलाय, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझी वाटच बघत असतील."

अक्कांना वाकून नमस्कार करून ती पायरीपर्यंत गेली. तिथं थांबली. पिशवीतून चौकटींचा कागद आणि पेन्सिल काढून परत आली.

"पण अक्का, एकदा नीट सांगून ठेवा. सकाळी एकेकट्यांसाठी टेबलं भिंतीला लावून. दुपारी घरच्यांसाठी जोडून. गुरुवारी पालखीनंतर चार टेबलांची एक लांब पंगत, फक्त उपवासाची. असंच आखते. मग पुन्हा बदलायला नको ना?"

अक्कांनी पायांकडे पाहिलं.

"आधी माझा पाट सरकव. ऊन आलं."