कॉफी कोणी करायची

कॉफीचे मळे जिथे दुपारपर्यंत धुक्यात झोपलेले असतात, अशा एका डोंगरगावात एकदा एक शिष्य आपल्या म्हाताऱ्या आईसह राहत होता. आईची स्मृती हळूहळू मावळत चालली होती. सकाळी ती मुलालाच नमस्कार करून विचारी, "अहो पाहुणे, कुठून आलात?"

रोजच्या कॉफीने मेंदू तल्लख राहतो, असे त्याने कुठेसे ऐकले. झाले! दिवसातून तीन वेळा, अगदी घड्याळ लावून, तो बिनसाखरेची काळी कॉफी आईच्या ओठांना लावू लागला. ती तोंड फिरवी, तो हट्टाला पेटे. असा महिना गेला, पण आईने काही त्याला ओळखले नाही.

शेवटी त्याने गुरूंना घरी आणले. गुरूंनी आईसमोरचा पेला उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि उरलेली कॉफी सरळ मोरीत ओतली.

"गुरुजी, ते औषध होतं!"

"म्हणूनच ओतलं. आजपासून कॉफी तू प्यायचीस. करायची आईनं."

"अहो, तिला स्वयंपाकघर कुठं आहे तेही आठवत नाही!"

"तिला नसेल आठवत. तिच्या हातांना विचारून पाहू." गुरू ऐसपैस मांडी घालून बसले. "ताई, आम्ही दोघं थंडीनं काकडलोय. घोटभर कॉफी मिळेल का?"

आई उठली. झोपेत चालावे तशी आत गेली. पातेले, दूध, साखर. हात कुठे अडत नव्हते. शिष्य मदतीला धावणार, तोच गुरूंनी सदरा धरून त्याला खाली बसवले.

"कॉफीत गुण असेलही, मी नाही म्हणत नाही," ते हळूच म्हणाले. "पण तू तिला नुसतं पाजत होतास, करायला काहीच ठेवलं नव्हतंस. पायवाटेवरून रोज कुणी गेलं तर ती वाट राहते, नाहीतर गवत माजतं. बुजलेल्या वाटा मला परत आणता येणार नाहीत. आहेत त्या चालत्या ठेव."

तीन पेले भरले. आईने फडताळातून जायफळ काढले, दोन पेल्यांत किसले. घरभर वास दरवळला. तिसऱ्या पेल्यावर मात्र तिचा हात थांबला. तिने मुलाकडे बराच वेळ पाहिले. नाव काही ओठांवर आले नाही.

"ह्यात नको," ती स्वतःशीच पुटपुटली. "जायफळानं ह्याच्या अंगावर पित्त उठतं."

शिष्याचे डोळे भरून आले. लहानपणीची ती गोष्ट तो स्वतः केव्हाच विसरून गेला होता.