बैल उठेना, दाणा मिळेना

होती एक मुंगी. तिळाएवढी. नाव तिचं ठमी. घरी तिची इवली इवली पिल्लं. भुकेनं रडत होती.

ठमीला मिळाला ज्वारीचा दाणा. एकच. निघाली घेऊन, तुरुतुरु तुरुतुरु. दम खायला दाणा खाली ठेवला, बाजूला टेकली. तेवढ्यात धप्प! बैल बसला. नेमका दाण्यावर. आता काय करावं बाई?

बैल खिल्लारी. पांढराशुभ्र. पाठीवर हे एवढं वशिंड.

"बैलदादा, बैलदादा, ऊठ की. दाणा मिळेना, पिल्लं गप्प बसेनात."

बैल म्हणाला, "उद्या पोळा. आज माझी खांदेमळणी. वशिंडाला कुणी लोणी चोळलं नाही. उठू कसा?"

आणि बसला फुगून. शेपूटसुद्धा हलवेना.

ठमी गेली बैलाच्या मालकिणीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंडामावशी, कोंडामावशी, लोणी काढ की. बैल उठेना, दाणा मिळेना, पिल्लं गप्प बसेनात."

मावशी म्हणाली, "अगं बये, रवीची दोरी ओली. हातातून सटकते. दही घुसळू कशी?"

ठमी गेली दोरीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"दोरी, दोरी, वाळ की. लोणी निघेना, बैल उठेना, दाणा मिळेना, पिल्लं गप्प बसेनात."

दोरी म्हणाली, "ऊन पडत नाही. वाळू कशी?"

"उन्हा, उन्हा, पड की. दोरी वाळेना, लोणी निघेना, बैल उठेना, दाणा मिळेना, पिल्लं गप्प बसेनात."

ऊन म्हणालं, "ढग हटत नाही. पडू कसं?"

ठमीचे पाय दुखले. सहाच्या सहा दुखले. रडू आलं. तरी गेली.

"ढगा, ढगा, हट की. ऊन पडेना, दोरी वाळेना, लोणी निघेना, बैल उठेना, दाणा मिळेना, पिल्लं गप्प बसेनात."

ढग म्हणाला, "वारा ढकलत नाही. हटू कसा?"

वारा लिंबाखाली पसरला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ये की. ढग हटेना, ऊन पडेना, दोरी वाळेना, लोणी निघेना, बैल उठेना, दाणा मिळेना, पिल्लं गप्प बसेनात."

वारा म्हणाला, "बैल शेपूट हलवत नाही. मी एकटा येऊ कसा?"

घ्या. फिरून फिरून भोपळे चौकात. पुन्हा बैलच.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पिल्लांना काय सांगायचं? ठमी बैलावर चढली. वशिंडाच्या टोकावर गेली. तिथून तिचं घर दिसत होतं. ती रडत रडत गोल फिरली. हूं हूं हूं.

बैलाला झाल्या गुदगुल्या. कातडी हलली, थर्रर्र. शेपूट उठलं, सप्प!

शेपूट हललं, वारा आला. वारा आला, ढग हटला. ढग हटला, ऊन पडलं. ऊन पडलं, दोरी वाळली. दोरी वाळली, लोणी निघालं. घुसळ घुसळ. मावशीनं लोण्यात हळद कालवली, वशिंडाला चोळली. बैल उठला. दाणा मिळाला. मातीत रुतलेला, पण अख्खा.

ठमीनं दाणा उचलला. डोळेसुद्धा पुसले नाहीत. पळत सुटली.

पिल्लं खायला लागली. कुटूम कुटूम. पिल्लं गप्प बसली. ठमी मात्र अजून हुंदके देत होती. तिला वाटलं होतं, दाणा गेला तो गेलाच.

मुंगीचा दाणा मुंगीच्या घरी. तुमचा घास तुमच्या तोंडी. करा बघू आ.