चांदणीची बरणी

"खवट! पुन्हा खवट!"

अंबरगिरीचे महाराज भर दरबारात ओरडले आणि केसांच्या तेलाची बरणी त्यांनी राजवैद्यांच्या नाकाखाली धरली. महाराजांना आपल्या केसांचा भारी अभिमान. केस तसे आता मोजता येण्याजोगेच उरले होते, पण मोजायची हिंमत कोणाची? दरबार त्यांना 'केशसंभार' म्हणे.

राजवैद्य अनंतशास्त्र्यांनी तेल हुंगलं. नाक दाबावंसं वाटत होतं, ते त्यांनी दाबलं नाही. म्हणाले, "शनीची दृष्टी, महाराज! शिवाय तेल करणारीची लबाडी."

शनीला दरबारात बोलावणं अवघड होतं. म्हणून येसूला बोलावलं.

येसू ही केरबा तेल्याची मुलगी. बापाचे गुडघे धरल्यापासून घाणा तीच हाकायची आणि महालाचं तेलही तीच करायची. तिळाच्या ताज्या तेलात माका, ब्राह्मी आणि आवळा घालायचा आणि पाल्यातलं पाणी पार आटेपर्यंत मंद आचेवर कढवायचं.

"ऐक पोरी," महाराज म्हणाले, "दसऱ्याला बरणी भरायची. अक्षय्य तृतीयेपर्यंत तेल जसंच्या तसं राहिलं पाहिजे. ते टिकावं म्हणून त्यात कापूर नाही, मीठ नाही, काही म्हणजे काही घालायचं नाही! बरणी आमच्या स्नानघरातच राहील. तेल खवट झालं, तर तुमचा घाणा जप्त!"

घाण्याशिवाय बापाला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं तर तिलाही. तिने हळूच बरणीत डोकावून पाहिलं. काठाला बुरशीची हिरवट कड, तळाशी पाण्याचे मणी, आणि मधोमध केशसंभारातला एक पांढरा केस! तेल का बिघडलं ते तिला तिथल्या तिथे कळलं. पण बोलायचं कसं? घाणा जप्त करणारे आणि बरणीत ओली बोटं बुडवणारे एकच होते.

"कबूल, महाराज," ती म्हणाली. "एकच विनंती. त्याच कढईतली दुसरी बरणी महालाच्या आवारात मी म्हणेन तिथे ठेवायची."

"कुठे?"

"पागेत. आपल्या चांदणी घोडीच्या आयाळीसाठी."

"महाराजांचं तेल घोडीला?" शास्त्री उसळले.

"घोडी कोणाची आहे, शास्त्रीबुवा?"

चांदणीवर महाराजांचा राणीसाहेबांपेक्षा अंमळ जास्तच जीव होता. महाराजांनी खुशीत मान डोलावली.

दसऱ्याला येसूने दरबारातच कढई उतरवली. कापसाची वात तेलात भिजवून शास्त्र्यांच्या हातात दिली. "पेटवा, बुवा. तेलात पाणी असेल तर वात तडतडेल."

शास्त्र्यांनी वात पेटवली. ती अगदी शांत जळली. मग दोन्ही बरण्या भरल्या. एक स्नानघरात गेली, एक पागेत.

पागेतल्या हैबती मोतद्दाराला येसूने काही शिकवलं नाही. तीस वर्षं तो घोड्यांचं तेल अंधाऱ्या कोनाड्यात ठेवत आला होता. कोरड्या लाकडी पळीने घ्यायचं आणि लगेच झाकण लावायचं, ही त्याची रीत. हाताखालच्या पोराने पळी ओली केली, तर तो पोराला बदडायचा.

महाराजांना कोण बदडणार? ते रोज नाहून निथळत यायचे. बरणी खिडकीत उन्हाला उघडीच असायची. "घमघमाट सुटू दे!" म्हणत ते चारी बोटं थेट आत घालायचे. शेजारी हुजऱ्या कोरडा पंचा घेऊन उभा असायचा आणि छताकडे बघायचा.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी महाराज केस आणि हात न पुसताच, स्नानघरातली बरणी घेऊन दरबारात आले.

"खवट! केरबाचा घाणा उचलून आणा!"

"आणा, महाराज," येसू म्हणाली. "त्याआधी पागेतली बरणी मागवा."

हैबतीने बरणी आणली. महाराजांनी वास घेतला. माका, आवळा, सगळा सुगंध जिथल्या तिथे! येसूने दोन्ही बरण्यांच्या तळाचं तेल पळीने काढलं, दोन वाती भिजवल्या आणि पेटवल्या. चांदणीची वात देवघरातल्यासारखी जळली. महाराजांची वात फटाक्यासारखी तडतडली आणि विझली.

"पाणी!" शास्त्री ओरडले. "हिने महाराजांच्या तेलात पाणी घातलं!"

"कढई एकच होती, शास्त्रीबुवा. आणि दसऱ्याची वात तुम्हीच पेटवली होती."

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तेल एक, कढई एक, महाल एक. मग आमच्याच बरणीत पाणी कसं? घोडीच्या बरणीत का नाही?"

सगळा दरबार आपापल्या पायांकडे बघू लागला. हुजऱ्याच्या नजरेने छत गाठलं.

येसूने हात जोडले. "चांदणीसुद्धा रोज नाहते, महाराज. पण तिला बोटं नाहीत!"

महाराजांनी आपला उजवा हात वर करून पाहिला. करंगळीवरून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि टप्पकन त्यांच्याच बरणीत पडला.

"अरेच्चा!" महाराज म्हणाले. "म्हणजे शनी आमच्याच मनगटाला लागून होता तर!" आणि पोट धरून हसू लागले.

"मीही हेच सुचवणार होतो," शास्त्री घाईने म्हणाले.

"वा! मग तुम्हालाही काम मिळालं!" महाराजांनी डोळे पुसले. "घाणा आजपासून कायमचा येसूचा. त्याला आमच्या गोठ्यातला तरणा बैल द्या. महालाचं तेल तीच करील. आणि स्नानघरात चांदीची पळी टांगा. ती कोरडी ठेवण्याचं काम राजवैद्यांचं!"

येसूने मुजरा केला. दारापाशी जाऊन ती वळली.

"शास्त्रीबुवा, पळी पुसायचं फडकंही कोरडंच घ्या हं!"

महाराज पुन्हा असे हसले, की केशसंभारातले होते नव्हते ते सगळे केस हलले.