वसंताची साक्षीण

एका राज्यात, जिथून पुढे उत्तर दिशा उरतच नाही अशा एका गोठलेल्या राज्यात, वर्दी दिल्याशिवाय वसंताला आत पाऊल टाकता येत नसे. पूर्वीच्या एका राजाने हट्ट धरला होता, "ऋतू बदलायचा तर आधी मला कळवा, मग बदलू द्या." राजहट्टच तो! भृंगनाथ मांत्रिक हसून म्हणाला, "तथास्तु. तुझी साक्षीण दरबारात उभी राहून तीन खुणा सांगेल, तेव्हाच वसंत येईल. आणि खरं बोलणं जिला सर्वांत महाग पडेल, तीच खरं बोलेल तेव्हा हा शाप सुटेल." राजा मेला, शाप उरला. राजांचं असंच असतं.

यंदा साक्षीण होती वेणावती. ऐन थंडीत तिची बोबडी लेक चंद्रिका तापाने गेली. त्या मुलखात हिवाळ्यात भुईचा दगड होतो, कुदळ मारली तर उसळून अंगावर येते. म्हणून गेलेली मुलं हिमघरात ठेवतात आणि वसंत आला की मातीत देतात. वेणावती रोज हिमघरात जाई, लेकीच्या केसांवरचं हिव पुसे, तिच्याशी बोलत बसे. चंद्रिका झोपल्यासारखीच दिसे. वसंत आला की ही लेक डोळ्यांआड होणार, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

पहिली खूण आली. वळचणीचा बर्फ ठिबकला. वेणावतीने तो थेंब तळहातावर झेलला आणि पदराला पुसून टाकला.

राजा हिमकेतूने विचारलं, "साक्षीणबाई, काही खूण?"

"नाही, महाराज."

दुसरी खूण आली. नदीच्या बर्फाला तडा गेला, आवाज साऱ्या गावाने ऐकला.

"काय कडाडलं?"

"देवदार मोडला, महाराज."

तिसरी खूण आली. क्रौंचांचा म्होरक्या दक्षिणेकडून उडत आला, हिमघराच्या उंबऱ्यावर उतरला आणि माणसासारखं बोलला, "बाई, आम्ही आलो. दरबारी सांग."

"परत जा."

"माझ्या माद्यांना अंडी घालायला भुई हवी."

"मला माझी लेक हवी."

क्रौंच तरीही गेला नाही.

वर्दी नाही म्हणून थेंब पुन्हा गोठला, नदीचा तडा सांधला. कोठारं रिकामी पडली. लोकांनी वहाणांचं कातडं उकडून खाल्लं. वेणावती सगळं पाहत होती, तरी तिच्या तोंडून ब्र निघाला नाही. माया आंधळी असते म्हणतात. हिची डोळस होती, हेच वाईट.

एके सकाळी शेजारची कुमुदा हिमघरात आली. तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं आणि कुशीतलं तान्हं गेलं होतं. त्याला चंद्रिकेशेजारी निजवत ती म्हणाली, "वेणाताई, तुमची थोरली आहे. माझ्याला सांभाळून घेईल ना?"

वेणावती उठली ती थेट दरबारात गेली.

"महाराज, वळचण ठिबकली, नदी तडकली, क्रौंच आले."

एकच जयजयकार झाला. राजाने गळ्यातली रत्नमाळ काढली. वेणावती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मागोमाग आलेली कुमुदाही हात जोडून उभी होती.

"माळ नको," वेणावती म्हणाली. "खुणा आजच्या नाहीत. कधीच्याच आल्या होत्या. लेकीला मातीत द्यायला लागू नये म्हणून मीच लपवल्या."

त्याच क्षणी शाप सुटला. नदी धडाडून वाहू लागली, छपरं गळू लागली, क्रौंचांनी आभाळ भरलं. राजाने शिक्षा केली नाही. शाप आपल्याच घराण्याने ओढवून घेतला होता, हे तो जाणून होता.

भुई मऊ झाली तेव्हा वेणावतीने शेजारी शेजारी दोन खड्डे खणले. एकात चंद्रिकेला निजवलं. कुमुदा आली, तिने आपलं बाळ उचललं.

"क्रौंच आले तेव्हा हे दूध पीत होतं," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन नदीपलीकडे निघून गेली.

तेव्हापासून त्या राज्यात वसंत कोणाला विचारून येत नाही. वेळ झाली की येतो, पेरण्या होतात, सगळं रीतसर चालतं. चंद्रिकेच्या मातीवर दर वर्षी गवत उगवतं. शेजारचा खड्डा वेणावतीने कधी बुजवला नाही, आणि त्यात बाळाला निजवायला कुमुदाही कधी परत आली नाही.